सेटिंगवाली बायजी

चिंचणीच्या किनाऱ्यावर 'सेटिंग' हा शब्द कधी आला ते कोणालाच सांगता येणार नाही. बोटीचं इंजिन, बर्फाची लादी, मोबाइल यांच्यासोबत तोही कधीतरी उतरला असावा, आणि इथलं पाणी त्याला मानवलं. इंजिनाची सेटिंग असते, टीव्हीची असते, नवऱ्यामुलाच्या केसांचीही असते. कॉलेजातल्या पोरापोरींची असते, आणि ती घरी कळली की दोन्हीकडच्या चुली त्या दिवशी पेटत नाहीत. कोणाचं काम झटपट झालं तर त्याची सेटिंग होती आणि आपलं अडलं तर आपली नव्हती, इतका सोपा हिशेब. ज्यांना इंग्रजीत आपलं नाव लिहिता येत नाही, तेही हा शब्द अचूक जागी वापरतात.

पण शब्द सगळ्यांचा असला तरी तो नावाला चिकटला एकट्या बायजीच्या. सगळा किनारा तिला सेटिंगवाली बायजी म्हणतो. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही.

बायजी डहाणूहून लग्न होऊन चिंचणीत आली तीच मुळी संशय घेऊन. सासरच्यांनी नारळ लहान दिले, म्हणजे मोठे कुठेतरी दडवले असणार, हे तिने अंगावरची हळद उतरायच्या आत शोधून काढलं होतं. पुढे संशयाला धार येत गेली. बर्फवाला लादी फोडताना पाठ का करतो? एसटीचा कंडक्टर आपल्या टोपलीकडेच नाक का मुरडतो, शेजारणीच्या टोपलीकडे का नाही? हवामानवाले वादळ येणार म्हणून सांगतात आणि ते येत नाही, मग त्या दिवशी भाव कोणी खाल्ला? सगळीकडे पाणी मुरत होतं आणि ते एकट्या बायजीला दिसत होतं.

तिचा नवरा भिका मात्र शांत माणूस. ती संशय घ्यायची आणि तो मासे धरायचा. तिचं बोलणं ऐकता ऐकता तो जाळं विणत बसे आणि शेवटी म्हणे, "भरतीचीबी सेटिंग हाय गो. चांदोबाशी." बायजी त्यावर हसायची नाही. तिला तेही खरंच वाटायचं.

गेल्या वर्षी भिका गेला. समुद्रात नाही, घरात, चहा पिताना. बोट विकावी लागली. मुलगी लग्न होऊन सुरतेकडे. राहिली एकटी बायजी, तिचं घर, घरापुढचं बोंबील वाळवायचं अंगण, आणि अंगणाच्या पलीकडे राहणारी धाकटी जाऊ पुतळी, जिच्याशी ती बोलत नव्हती. कारण साधं होतं. अंगणाची हद्द दाखवणारा दगड पुतळीने रातोरात सरकवला असा बायजीचा आरोप होता. पुतळीने तो नाकारलाही नव्हता आणि मान्यही केला नव्हता. ती फक्त म्हणाली होती, "बाय, तू म्हणशील तिथं ठेव." यावरून तर बायजीची खात्रीच पटली. ज्याच्या मनात काही नाही, तो असा लगेच कबूल कशाला होईल?

नवरा गेल्यावर पोट भरायचं साधन एकच उरलं. बोटी आल्या की किनाऱ्यावरच्या लिलावात मासळी घ्यायची, रिक्षाने डहाणूच्या बाजारात न्यायची आणि विकायची. जी विकणार नाही ती सुकवून आठवड्याला तलासरीच्या बाजारात न्यायची. लिलाव चुकला तर चूल चुकली.

या किनाऱ्यावरच्या लिलावाची रीत जरा वेगळी आहे. ताडपत्रीवर मासळीचे ढीग घालतात आणि पुढे वाळूत एक जाड दोरी टाकतात. घेणाऱ्या बाया दोरीच्या अलीकडे. ढीग विकला जाईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पूर्वी म्हणे कोणी दाबून बघायचं, कोणी उलटून बघायचं, आणि मग भांडणं थेट झिंज्यांपर्यंत जायची. म्हणून आता हात नाही, नुसती नजर. कल्ले लाल आहेत की काळपटले, अंगावर चकाकी आहे की गेली, हे लांबून ओळखायचं आणि हात वर करायचा. म्हातारा नारू ढिगाढिगाजवळ उभा राहून बोली पुकारतो.

बायजीची नजर या किनाऱ्यावर गाजलेली. नव्या सुना मासळीकडे बघायच्या नाहीत, बायजीच्या हाताकडे बघायच्या. तो वर गेला की ढीग चांगला. तिला याचा फार अभिमान होता. आपण कोणाच्या उपकारावर जगत नाही, डोळ्यांत तेल घालून जगतो, असं ती म्हणायची.

रीतीतली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. घरात मरण झालं की सुतक फिटल्यावर ती बाई पहिल्यांदा लिलावाला येते, तेव्हा तिच्या पहिल्या ढिगावर दुसरी कोणी बोली चढवत नाही. याला 'हात आवरणं' म्हणतात. एकच ढीग, एकच वेळ. दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांसारखीच, आणि बाकीच्यांचे हात मोकळे. भिका गेल्यानंतर बायजीसाठीही हात आवरले गेले. तिने मुकाट्याने ढीग घेतला, डोळ्याला पदर लावला आणि टोपली उचलली. तिथवर ठीक होतं.

पण दुसऱ्या दिवशीही तिच्यावर बोली चढली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आधी तिला वाटलं, योगायोग. मग तिने लक्ष ठेवलं. नारू लिलाव नेहमी बायजी उभी असते त्या बाजूने सुरू करायचा. पहिला ढीग बरोबर तिच्या पायाशी. "बायजी, बघतेस?" असं म्हणायचा. बायजीने हात वर केला की मागून पुतळी खोकायची. खोकला आला की सगळ्यांच्या जिभा टाळ्याला चिकटायच्या. डहाणूचा व्यापारी जिग्नेश बर्फाच्या पेट्या घेऊन टेम्पोने यायचा, एरवी एकेका पापलेटसाठी जीव टाकायचा, त्याला नेमका तेव्हाच फोन यायचा. फोन वाजलेला बायजीने कधी ऐकला नाही. तो नुसताच कानाला लावायचा.

आता दुसरी एखादी बाई खूश झाली असती. बायजीचं डोकं चालू लागलं. माल वाईट म्हणावा, तर डहाणूची गिऱ्हाइकं तिच्या टोपलीवर तुटून पडायची. म्हणजे माल चांगला. चांगला माल कोणी फुकट सोडतं का? कोणीच सोडत नाही. मग का सोडतात? रात्रभर कूस बदलल्यावर उत्तर मिळालं. तिचं तोंड बंद करायला! पहिला ढीग हिच्या पदरात टाकायचा, हिला रिक्षात बसवून द्यायचं, आणि मागे उरलेल्या ढिगांत जिग्नेश, नारू आणि पुतळी यांनी हवं ते करायचं. बायजीची नजर किनाऱ्यावरून हटवायची, एवढ्यासाठी हा तुकडा.

"सेटिंग," बायजी अंधारात म्हणाली, आणि तिला शांत झोप लागली.

नजर हटवायला बघतात म्हटल्यावर ती जास्तच जागरूक झाली. आणि जागरूक झाल्यावर तिला सगळंच बिघडलेलं दिसू लागलं. यंदा धुकं फार होतं. दिवाळीनंतर पडायचं ते ठीक, पण हे दुपारीही उठायचं नाव घेईना. घरातला बल्बही मंद झाला होता. वायरमनने आतून काहीतरी केलं असणार. अंगणात बोंबील वाळत घालावेत, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकावेत, तर सकाळी निम्मे खाली वाळूत. बोटं तर चुकत नव्हती. जबडा जबड्यात बसलेला असायचा, मग दोरीवरून पडतो कसा? पुतळीच्या मांजरांशिवाय दुसरं कोण? एकदा तिने पुतळीला आपल्या दोरीपाशी वाकलेलं पकडलं. हातात बोंबील. वाळू झटकून ती ते परत दोरीवर टाकत होती.

"चोरून परत ठेवते काय?" बायजी ओरडली.

पुतळी हातातला शेवटचा बोंबील दोरीवर टाकून आत गेली. चोर असाच जातो.

तलासरीच्या बाजारातही तेच. शुक्री ही तिची जुनी गिऱ्हाईक. तिकडच्या पाड्यावर राहायची, शेतावर मजुरीला जायची, आणि पावसाळ्याची बेगमी बायजीकडूनच न्यायची. त्या दिवशी तिने उकिडवं बसून सुक्या बोंबलांतले काही वेगळे काढायला सुरुवात केली.

"अगो, चांगले चांगले निवडते का? बाकी कोण घेईल?" बायजीने तिचा हात धरला.

"चांगले नाय, बाय. हे बुरसलेत. वर पांढरा आलाय बघ."

"मीठ हाय ते."

शुक्रीने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग बुरसलेले बोंबील बायजीच्या पाठीमागे, पोत्याखाली सारले आणि उरलेल्यांतले पदरात घेतले. बायजीने ताडलं की संध्याकाळी ही परत येणार आणि पोत्याखालचे स्वस्तात मागणार. शुक्री आली नाही. म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी पाठवणार होती, तो विसरला असेल.

पुतळीची मुलगी हेमांगी तेवढी या घरातून त्या घरात यायची. शाळेत लहान मुलांना शिकवायची आणि आईच्या भांडणाशी आपला संबंध नाही असं दाखवायची. एका संध्याकाळी ती मोठीआईच्या उंबऱ्यावर बसून हळूच म्हणाली, "मोठीआई, एकदा डहाणूला डोळे दाखवून येऊ या का? मी येते बरोबर."

बायजीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. निदान तसा प्रयत्न केला. "माझ्या डोळ्यांचं तुला काय पडलं? चष्मेवाल्याची आणि तुझी सेटिंग हाय काय?"

हेमांगीने विषय सोडला. पण बायजीने तो पकडून ठेवला. आपल्या नजरेवर आता थेट हल्ला होत होता. उद्या हेच लोक तिला आंधळी ठरवून दोरीपासून लांब काढतील. तिने रातोरात ठरवलं आणि सकाळी मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनकडे जाऊन तक्रार ठोकली. चेअरमनला सगळे चेअरमनच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा.

सोसायटीच्या पत्र्याच्या शेडखाली बैठक बसली. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. जिग्नेशलाही बोलावलं होतं. तो टेम्पोची किल्ली बोटावर फिरवत कोपऱ्यात उभा होता. बायजी मधोमध.

"बोल, काय तक्रार?" चेअरमन म्हणाला.

"सेटिंग हाय. लिलावात."

"बायजी, असा मोघम शब्द चालायचा नाय. सेटिंग तर माझ्या मोबाइलमध्येबी हाय. तो काय गुन्हा झाला?"

बायजी याच्यासाठी तयार होती. "हेमांगी, काढ तुझी डिक्शनरी. वाच सगळ्यांसमोर."

हेमांगीने आईकडे बघितलं. पुतळीने मान हलवली, वाच म्हणून. हेमांगीने मोबाइल काढला आणि इंग्रजीतून एकेक अर्थ मराठीत करून सांगू लागली. "एखाद्या वस्तूच्या भोवतालची जागा. गोष्ट किंवा नाटक जिथे घडतं ते ठिकाण. यंत्राचा वेग वगैरे ठरवून ठेवणं..."

"ते मशीनवाल्याला सांग," बायजी म्हणाली. "पुढे."

"अंगठीत खडा बसवायचं कोंदण."

बायांमध्ये कुजबुज झाली. हा अर्थ त्यांना आवडला.

"सिमेंट किंवा जेली घट्ट होणं. आणि... सूर्य मावळणं."

"सूर्याचीबी सेटिंग?" मागून कोणीतरी म्हणालं आणि शेड हसली. बायजीला भिका आठवला आणि त्या आठवणीचाही राग आला.

"ही डिक्शनरी लिवली कोणी?" तिने विचारलं. "मोठ्या साहेबांनीच ना? ते आपला अर्थ कशाला लिवतील? लपवला असेल. खाली बघ, बारीक अक्षरात."

हेमांगीने बोट खाली सरकवलं आणि ती थांबली. "आहे," ती नाखुशीने म्हणाली. "बोलीभाषेतला म्हणून दिलाय. आपसांत गुपचूप ठरवून ठेवलेली गोष्ट."

"झालं!" बायजीने मांडीवर थाप मारली. "पुस्तकातबी हाय."

"कोणाच्या फायद्यासाठी, ते लिवलंय काय?" चेअरमनने विचारलं.

"नाही. तेवढंच आहे."

मग बायजीने सगळं सांगितलं. पहिला ढीग, नारूचं विचारणं, पुतळीचा खोकला, जिग्नेशचा न वाजणारा फोन. "हात आवरायचा तो पहिल्या दिवशी. माझं सुतक कवाच फिटलं. मग रोज कोणासाठी आवरतात? मना गप करायला. मना किनाऱ्यावरनं हलवायला."

चेअरमनने नारूकडे बघितलं. नारू वाळू बघत राहिला. जिग्नेशची किल्ली फिरायची थांबली. "मासी," तो म्हणाला, "सेटिंग तो हाय, पण तुमी समजते तसा नाय. तुमच्या..."

"जिग्नेशभाय!" पुतळी इतक्या जोराने म्हणाली की त्याचं वाक्य तिथेच तुटलं. मग ती उठून उभी राहिली. पदर नीट केला. "सेटिंग हाय, चेअरमन. मी केली. खोकते ती मीच. बाकी कोणाची चूक नाय."

"कशासाठी केली?"

"केली. आता काय ते ठरवा."

कोणीतरी पुढे होऊन काहीतरी सांगणार असं वाटत होतं, पण पुतळीने बायांच्या रांगेवरून नजर फिरवली आणि सगळ्या माना खाली गेल्या. चेअरमन घसा खाकरून म्हणाला की कबुलीच आहे तर नियम करावा लागेल. उद्यापासून ढीग कुठूनही सुरू होतील. नारूने कोणाचं नाव घ्यायचं नाही. हात कोणी आवरायचा नाही. आणि येत्या पुनवेपर्यंत पुतळीने दोरीपासून लांब, मागे उभं राहायचं, बोली करायची नाही.

बायजी जिंकली. आयुष्यात इतके संशय घेतले, पण सगळ्यांसमोर कबूल झालेला हा पहिलाच. तिने घरी येऊन चहा केला. पण चहा गोड लागेना. पुतळी इतक्या सहज कशी कबूल झाली? लिलावावरच तिचंही घर चालायचं, आणि पुनवेपर्यंत बोली नाही म्हणजे थोडीथोडकी शिक्षा नव्हती. जिग्नेश काय बोलणार होता? 'तुमच्या' म्हणजे तुमच्या काय? तिने पलीकडच्या अंगणात बघितलं. दिवा लागला होता की नाही तेही धुक्यात नीट कळत नव्हतं. या कबुलीतच काहीतरी काळंबेरं होतं.

दुसऱ्या दिवशी बोटी उन्हं चांगली वर आल्यावर लागल्या. एका बोटीचं इंजिन बिघडल्याने तिची मासळी दोन दिवसांची होती आणि बर्फही संपला होता. तिचा ढीगही बाकीच्यांसोबत ताडपत्रीवर आला. नव्या नियमाप्रमाणे नारूने कोणाचं नाव घेतलं नाही आणि मधल्याच ढिगापासून सुरुवात केली. पुतळी मागे, एकटी, हात बांधून उभी होती.

बायजी दोरीशी ठाम उभी राहिली. आता खरा लिलाव. आता कळेल सगळ्यांना. समोरच्या धुक्यात ढीग पांढुरके चमकत होते. तिने मान तिरकी केली, डोळे बारीक केले. एक ढीग गेला, दुसरा गेला. बोली भराभर चढत होती, आणि तिचा हात दर वेळी उशिरा वर जात होता. तिसऱ्या ढिगाकडे नारूने हात केला. मोठी पापलेटं, चांगली रुपेरी. किती चकाकी! हा जाऊ द्यायचा नाही. बायजीने हात वर केला.

खोकला आला नाही, तरी कोणी बोली चढवली नाही. जिग्नेशने पुढे एक पाऊल टाकलं, तोंड उघडलं आणि मिटलं. हात आवरायचा नाही हा नियम होता, पण या ढिगासाठी हात वर करायला कोणी वेडं नव्हतं. नारूने एकदा पुकारलं. त्याचा आवाज कसातरीच आला. दुसऱ्यांदा पुकारलं.

"माझी बोली वरची!" मागून पुतळी ओरडली.

सगळ्यांनी वळून बघितलं. बायजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने बोली चढवली. पुतळीने त्यावर चढवली. बायजीने पुन्हा. पुतळीने पुन्हा. श्वास घ्यायलाही न थांबता नारूने तिसऱ्यांदा पुकारलं आणि ढीग पुतळीला देऊन टाकला.

"बघा! बघा चेअरमन!" बायजीचा आवाज चिरकला. "काल शिक्षा, आज उघड उघड चोरी! चांगला ढीग दिसला की हिला राहवत नाय!" ढीग विकला गेला होता, म्हणजे हात लावायला आता मोकळीक होती. ती दोरी ओलांडून गेली, खाली बसली आणि सगळ्यांना दाखवायला म्हणून तिने ढिगात दोन्ही हात घातले.

बोटं आत गेली आणि थांबली.

मासळी लिबलिबीत होती. पोटं फुटलेली. तिने एक पापलेट उचलून अंगठ्याने दाबलं. मांस आत गेलं ते वर आलंच नाही. नाकापाशी नेलं. मग दुसरं उचललं. मग तिसरं. किनाऱ्यावरच्या वासात लांबून कळलं नव्हतं, आता कळलं. हा ढीग ती डहाणूला नेणार होती. आपल्या गिऱ्हाइकांच्या समोर ओतणार होती. आणि रुपेरी चकाकी? ती तिच्या डोळ्यांतच होती.

बायजी तशीच बसून राहिली. मग एकेक गोष्ट येऊन तिच्यापुढे बसू लागली. वाळूत पडलेले बोंबील, आणि ते उचलून झटकणारी पुतळी. शुक्रीचं बराच वेळ बघणं. हेमांगीचं डहाणूला येते म्हणणं. रोज पायाशी मांडलेला पहिला, ताजा, निवडलेला ढीग. 'तुमच्या' म्हणताना जिग्नेश थांबला तो शब्द. धुकं इतकं नव्हतं. धुकं मुळी नव्हतंच. उन्ह पाठीला चटके देत होतं.

तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला, आणि राग कोणावर काढावा ते कळेना. जिने जन्मात स्वतःला कोणाला फसवू दिलं नाही, तिला सगळ्या किनाऱ्याने मिळून वर्षभर फसवलं होतं, आणि तिच्या टोपलीत रोज ताजी मासळी घातली होती. काल तर त्यांनी चोर म्हणवून घेतलं, पण ती आंधळी होत चाललीय हे चारचौघांत म्हटलं नाही.

चेअरमन जवळ आला होता. "बायजी," तो म्हणाला, "पुतळीने नियम मोडला. सगळ्यांनी बघितलं. तुझी तक्रार हाय काय?"

बायजीने हात वाळूला पुसले. उठायला वेळ लागला. पुतळी मागे दोरीपलीकडे उभी होती. बायजीला तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता लुगड्याचा हिरवा रंग.

"मना दिसत नाय," बायजी मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हा ढीग मना ताजा वाटला. सगळ्यात चांगला वाटला. वर्ष झालं असेल, मना नीट काय दिसतच नाय. मी कोणाला बोलले नाय. मना स्वतःलाबी बोलले नाय." तिने बायांच्या दिशेने मान वळवली. "तुमाला सगळ्यांना म्हायती व्हतं?"

नारूने टोपी काढून परत घातली. बायांपैकी एक डोळे पुसत होती, आणि आपण पुसतोय हे बायजीला दिसणार नाही हे लक्षात येऊन तिला आणखी रडू आलं.

"तक्रार नाय," बायजी म्हणाली. "पुतळीला पुढे घ्या. नायतर मी मागे जाते."

चेअरमनने हाताने खूण केली. पुतळी पुढे आली आणि दोरीशी बायजीच्या शेजारी उभी राहिली. कितीतरी महिन्यांत त्या इतक्या जवळ उभ्या राहिल्या नव्हत्या. पुतळी म्हणाली, "तो दगड मी सरकवला नाय, बाय. तू अंगणातली वाळू सारखी करताना ढकललास."

"आता म्हण काय पायजे ते," बायजी म्हणाली. "मना कुठं दिसतं." आणि तिच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच बाहेर पडले.

नारू पुढच्या ढिगाशी उभा राहिला. बायजीने मान वळवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने दुसऱ्या कोणाला विचारलं, "हा कसा हाय?"

"कल्ले काळे. सोड."

"आणि तो पलीकडचा?"

पुतळीने बोलून नाही सांगितलं. तिने बायजीच्या कोपराला हात लावला. बायजीने हात वर केला.

सवयीने सगळ्यांनी हात आवरले.

"काय रे जिग्नेश," बायजी म्हणाली, "फोन आला काय?"

"नाय, मासी."

"मग बोली लाव. माल चांगला हाय. आता माझ्याकडे डोळे हायत."

जिग्नेशने पुतळीकडे बघितलं, पुतळीने मान हलवली, आणि त्याने बोली चढवली. बायांमधून दुसऱ्या कोणीतरी त्यावर आणखी चढवली. कितीतरी दिवसांनी बायजीच्या ढिगावर खरीखुरी बोली लागली. तिचा भाव वाढत होता, आणि तिचा चेहरा त्या आरडाओरडीत उजळत होता.

पुतळीने पुन्हा कोपराला हात लावला. बायजीने पुन्हा हात वर केला.